हरलेला पक्ष जातो कुठे? इंडोनेशियातल्या आघाड्यांविषयी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

  आज एका निवडणुकीच्या गोष्टीनं सुरुवात करतो.

१७ एप्रिल २०१९. इंडोनेशियात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. एका बाजूला विद्यमान अध्यक्ष जोको विदोदो, ज्यांना तिथे सगळे जोकोवी म्हणतात. दुसऱ्या बाजूला माजी सेनाधिकारी प्रबोवो सुबियांतो. जोकोवींना साधारण ५५.५ टक्के मतं मिळाली, प्रबोवोंना ४४.५. प्रबोवोंनी निकाल मानला नाही. मे महिन्यात जाकार्तात त्यांचे समर्थक रस्त्यावर आले, दंगल झाली, माणसं मेली. प्रकरण घटना न्यायालयात गेलं, तिथे फेटाळलं गेलं. इथपर्यंत आपल्याला ओळखीची गोष्ट आहे.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला जोकोवींनी मंत्रिमंडळ जाहीर केलं. त्यात संरक्षणमंत्री कोण? प्रबोवो सुबियांतो. वर्षभरानं, डिसेंबर २०२० मध्ये, प्रबोवोंच्या जोडीनं उपाध्यक्षपदासाठी लढलेले सांदियागा उनो पर्यटनमंत्री झाले. म्हणजे हरलेली अख्खी जोडी जिंकणाऱ्याच्या मंत्रिमंडळात! आणि २०२४ मध्ये प्रबोवो अध्यक्ष म्हणून निवडून आले, तेव्हा त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष कोण? जोकोवींचा मुलगा, जिब्रान.

मग मे २०१९ मध्ये जे रस्त्यावर उतरले, शेजाऱ्याशी भांडले, ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांनी काय समजायचं? हा माझा आजचा प्रश्न आहे. इंडोनेशियातली निवडणूक खरी असते. वीस कोटींहून अधिक नोंदलेले मतदार, बहुतेक मतदान एकाच दिवशी, मतमोजणी केंद्रावर लोकांच्या डोळ्यांसमोर. निवडणूक लुटुपुटूची आहे असं मी म्हणणार नाही. जिंकतं कोण, हे तिथे मतदार ठरवतो. पण हरतं कोण, हे मतदार ठरवत नाही. ते नंतर, बंद दाराआड ठरतं. आणि माझ्या मते लोकशाहीत हरणाऱ्यालाही एक काम असतं. ते काम तिथे कुणी करत नाही.

एक गंमत सांगतो. इंडोनेशियन भाषेत मंत्र्याला ‘मंतेरी’ म्हणतात, हा आपलाच मंत्री. आणि संसदेतल्या जागेला म्हणतात ‘कुर्सी’. निवडणुकीनंतर वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग हमखास दिसतो, ‘बागी-बागी कुर्सी’. म्हणजे खुर्च्यांची वाटणी. भाषांतराची गरजच नाही!

संस्कृतीचा दाखला

या वाटणीचं समर्थन कसं केलं जातं? पहिलं समर्थन संस्कृतीचं. सांगितलं जातं की आमच्याकडे बहुमत-अल्पमत असं चालत नाही. आम्ही ‘मुशावरा’ आणि ‘मुफाकत’ करतो, म्हणजे विचारविनिमय आणि सहमती. आमच्याकडे ‘गोतोंग रोयोंग’ असतं. आपल्या खेड्यांत इर्जिक असायची, सावड असायची, शेजारपाजारच्यांनी मिळून एकाचं शेत नांगरून द्यायचं, तसंच काहीसं. सुकार्नोंनी १ जून १९४५ च्या पंचशीलाच्या भाषणात सगळ्या तत्त्वांचं सार म्हणून हाच शब्द वापरला होता. मेगावतींनी २००१ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाला हेच नाव दिलं.

ऐकायला छान वाटतं. पण इतिहास काय सांगतो? १९५५ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक बघा. चार मोठे पक्ष पुढे आले. राष्ट्रवादी पीएनआय सुमारे २२ टक्के, इस्लामी मास्युमी २१ च्या आसपास, नहदतुल उलामा साधारण १८ आणि कम्युनिस्ट पक्ष १६. हे पक्ष एकमेकांच्या गळ्यात गळे घालत होते का? मुळीच नाही. मास्युमी आणि कम्युनिस्ट उघड वैरी होते. नहदतुल उलामा तर १९५२ मध्ये मास्युमीतूनच भांडून बाहेर पडली होती. म्हणजे ज्या संस्कृतीत विरोध बसत नाही असं सांगतात, त्याच संस्कृतीत कडाडून विरोध करणारे पक्ष होते आणि लोक त्यांना भरभरून मतं देत होते.

मग विरोध गेला कुठे? तो घालवला गेला. १९५९ मध्ये सुकार्नोंनी ‘मार्गदर्शित लोकशाही’ आणली, १९६० मध्ये मास्युमीवर बंदी आली. १९६५-६६ मध्ये कम्युनिस्ट पक्ष नुसता बंद पडला नाही, त्याच्या लाखो समर्थकांची कत्तल झाली. सुहार्तोंनी १९७३ मध्ये उरलेले सगळे पक्ष दोन पोत्यांत कोंबले, इस्लामी पक्षांचा पीपीपी आणि इतरांचा पीडीआय. तिसरा, सरकारी, तो गोलकार. त्या नावातला ‘कार’ म्हणजे ‘कार्या’, आपलं कार्य. गोलकारनं १९७१ पासून १९९७ पर्यंत प्रत्येक निवडणूक साठाहून अधिक टक्के मतांनी जिंकली. सहमतीची भाषा सर्वांत जास्त वापरली ती याच राजवटीनं. तेव्हा कुणी सहमती ही मातीतली गोष्ट आहे असं म्हटलं, तर विचारायला हवं, कोणत्या मातीतली? सावडीनं शेत नांगरायचं हे वेगळं आणि सावडीनं खुर्च्या वाटून घ्यायच्या हे वेगळं.

भीतीचा दाखला

दुसरं समर्थन जास्त वजनदार आहे. ते आहे भीतीचं, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही.

सुहार्तो २१ मे १९९८ रोजी पायउतार झाले. जून १९९९ मध्ये मोकळी निवडणूक झाली, ४८ पक्ष उतरले. सुकार्नोंची मुलगी मेगावती यांचा पीडीआय-पी ३३.७ टक्के मतं घेऊन पहिला आला. पण तेव्हा अध्यक्ष थेट निवडला जात नव्हता, लोकसल्लागार सभा निवडायची. तिथे इस्लामी पक्षांनी ‘मध्य अक्ष’ बांधला आणि गोलकारमधल्या अनेकांच्या मदतीनं अब्दुर्रहमान वाहिद यांना ३७३ विरुद्ध ३१३ मतांनी निवडून आणलं. वाहिद यांच्या पक्षाला मतं होती १२.६ टक्के. मेगावती उपाध्यक्ष झाल्या.

वाहिद यांनी सगळ्यांना मंत्रिमंडळात घेतलं, आणि मग एकेकाला काढायला लागले. एप्रिल २००० मध्ये पीडीआय-पी आणि गोलकार या दोन्ही पक्षांचे मंत्री काढले. ज्यांनी खुर्चीवर बसवलं होतं त्यांनीच २३ जुलै २००१ ला खाली खेचलं. मेगावती अध्यक्ष झाल्या. आणि त्यांचे उपाध्यक्ष कोण? पीपीपीचे हमझा हाझ. १९९९ मध्ये बाई राष्ट्राध्यक्ष नको म्हणणाऱ्यांत हेच गृहस्थ पुढे होते. दोन वर्षांत अडचण दूर झाली!

तर वाहिद यांच्या पतनाचा धडा पुढच्या प्रत्येक अध्यक्षानं गिरवला. कुणाला बाहेर ठेवू नका, बाहेर ठेवलेला माणूस उद्या कुऱ्हाड घेऊन येतो. मार्कुस मिट्झनर या अभ्यासकाचं २०२३ चं पुस्तक अध्यक्षांच्या या आघाडीबांधणीविषयीच आहे. ते दाखवतात की अध्यक्ष केवळ पक्षांना नाही, तर सैन्य, पोलीस, नोकरशाही, धनदांडगे, धार्मिक संघटना अशा सगळ्यांना आघाडीत घेतात. त्यातून स्थैर्य मिळतं, पण सुधारणा गोठतात. त्यांच्या आधी २००४ मध्ये डॅन स्लेटर यांनी याला पक्षांचं कार्टेल म्हटलं होतं. आपल्या भाषेत, साटंलोटं.

या दोघांच्या मांडणीत फरक आहे. स्लेटर यांच्या मांडणीत पक्ष मिळून मतदाराला बाहेर ठेवतात. मिट्झनर यांच्या मांडणीत अध्यक्ष भीतीपोटी आणि सोयीपोटी सगळ्यांना आत ओढतो. मला दोन्ही पटतात, पण वेगवेगळ्या काळासाठी. १९९९ ते २००४ मध्ये अध्यक्ष पक्षांच्या हातात होता, तेव्हा साटंलोटं हा शब्द चपखल. २००४ नंतर मात्र अध्यक्ष थेट लोकांकडून निवडला जाऊ लागला. त्याला पाच वर्षांची ठरलेली मुदत मिळाली. घटनादुरुस्तीनंतर त्याला काढणंही अवघड झालं. नुसतं राजकीय मतभेदावरून काढता येत नाही, प्रकरण घटना न्यायालयातून जावं लागतं.

हा मुद्दा आपण नीट धरला पाहिजे. आपल्याकडे, संसदीय पद्धतीत, बहुमत गेलं की सरकार गेलं. आघाडी करणं ही पोटापाण्याची गरज. महाराष्ट्रात २०१९ नंतर कोण कुणाबरोबर बसलं हे आपण पाहिलंय, तिथे निदान आकडा जुळवण्याची सबब होती. जाकार्तात अध्यक्षाला टिकण्यासाठी तो आकडा लागत नाही. कायदे करायला साधं बहुमत पुरतं. मग ऐंशी टक्के कशासाठी?

ऐंशी टक्क्यांचा हिशेब

आकडे मांडतो, कारण इथे आकडेच बोलतात. २०१९ च्या संसदेत ५७५ जागा. प्रबोवोंचा गेरिंद्रा आत आल्यावर सरकारी पक्षांकडे ४२७ जागा झाल्या, म्हणजे ७४ टक्के. मग ‘पान’ हा पक्ष आला, ४४ जागा. ४७१, म्हणजे ८२ टक्के. फेब्रुवारी २०२४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या अध्यक्षांना मंत्रिपद मिळालं, ५४ जागा. ५२५, म्हणजे ९१ टक्के. बाहेर उरला एकटा पीकेएस, ५० जागा.

२०२४ ची संसद ५८० जागांची. प्रबोवोंच्या मूळ आघाडीतल्या चार संसदीय पक्षांकडे २८० जागा होत्या, बहुमताला अकरा कमी. निकालानंतर पीकेबी, पीकेएस, नासदेम यांनी पाठिंबा दिला. हे तिन्ही पक्ष निवडणुकीत अनीस बास्वेदान यांच्या बाजूनं ‘परिवर्तन’ मागत होते! अनीस यांच्या जोडीचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, पीकेबीचे मुहैमिन इस्कंदर, प्रबोवोंच्या मंत्रिमंडळात समन्वय मंत्री झाले. एकूण ४७०, म्हणजे ८१ टक्के. उरला पीडीआय-पी, ११० जागांचा. तोही स्वतःला विरोधी पक्ष म्हणवून घ्यायला नाखूष. इतक्यांना सामावायचं तर खुर्च्या कमी पडणार. म्हणून शपथविधीच्या आधीच, सप्टेंबर २०२४ मध्ये, मंत्रालयांची ३४ ची मर्यादा कायद्यातून काढली. मंत्री ४८ झाले, उपमंत्री आणि इतर धरून शंभराच्या वर.

बरं, एवढं करून अध्यक्षाला आज्ञाधारक आघाडी मिळते का? युधोयोनो यांचा अनुभव बघा. दुसऱ्या कार्यकाळात त्यांच्याबरोबर तीन चतुर्थांश संसद होती. मार्च २०१० मध्ये सेंचुरी बँकेच्या प्रकरणात गोलकार आणि पीकेएस या आघाडीतल्याच पक्षांनी सरकारविरुद्ध मत दिलं. २०१२ मध्ये इंधन दरवाढीला पीकेएसनं विरोध केला आणि मंत्रिपदं मात्र सोडली नाहीत. आत बसून विरोध करायचा, श्रेय घ्यायचं आणि खुर्चीही राखायची. म्हणजे फुगलेली आघाडी ज्या कारणासाठी बांधली, ते कारणही नीट साधत नाही.

पक्ष आत का येतात

अध्यक्ष बोलावतो हे झालं. पण पक्ष का जातात? इथे पैशाचा हिशेब येतो. सरकारकडून पक्षाला मिळणारं राष्ट्रीय अनुदान २०१८ पासून दर मतामागे १००० रुपिया. त्याआधी ते १०८ रुपिया होतं. हजार रुपिया म्हणजे आपले पाच-सहा रुपये. वर्गणी देणारे सभासद फारसे नाहीत. मग देशभरच्या शाखा चालवायच्या कशावर? मंत्रालयावर, किंवा पक्षाध्यक्ष असलेल्या धनिकाच्या खिशावर. उमेदवारीसाठी पक्षाला दिल्या जाणाऱ्या पैशाला तिथे ‘महर पोलितिक’ म्हणतात, निकाहातल्या मेहेरवरून आलेला शब्द. विरोधात बसणं म्हणजे पाच वर्षं उपास. एखाद्या पक्षाला दोन वेळा उपास घडला की खालचे पुढारीच वर दबाव आणतात, साहेब, आत चला.

त्यात दंडुकाही असतो. २०१४ मध्ये प्रबोवो हरले तेव्हा त्यांची ‘लाल-पांढरी आघाडी’ संसदेत बहुमतात होती. जोकोवी अल्पमतात. खरा विरोधी पक्ष उभा राहण्याची ती संधी होती. पुढे काय झालं? गोलकार आणि पीपीपी या दोन्ही पक्षांत फूट पडली, दोन-दोन अध्यक्ष झाले. अधिकृत गट कोणता, हे कागदावर ठरवणार कायदा मंत्रालय, म्हणजे सरकार. दोन वर्षांच्या आत ‘पान’, पीपीपी, गोलकार सगळे सरकारच्या बाजूला आले. पक्षाचं नाव आणि चिन्ह कोणाचं, हा वाद किती महागात पडतो हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट नियमांची. २००९ पासून अध्यक्षपदाचा उमेदवार द्यायला संसदेतल्या २० टक्के जागा किंवा २५ टक्के मतं लागत. एकट्या पक्षाला हे क्वचितच जमे. म्हणून आघाडी निवडणुकीआधीच बांधावी लागे, ती विचारावर नाही, बेरजेवर. २०१९ पासून तर दोन्ही निवडणुका एकाच दिवशी, त्यामुळे बेरीज पाच वर्षांपूर्वीच्या निकालाची! शिळ्या आकड्यांवर ताजा उमेदवार. अनीस यांना आधी नासदेम, डेमोक्रॅट आणि पीकेएस यांचा पाठिंबा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये नासदेमनं मुहैमिन यांना परस्पर जोडीदार केलं, डेमोक्रॅट रुसून थेट प्रबोवोंकडे गेला. मुहैमिन त्याआधी प्रबोवोंच्याच तंबूत होते. धोरणातला फरक कुठे होता? कुठेच नव्हता.

किंमत कोण मोजतं

आता कुणी म्हणेल, असू द्या ना. नेते एकत्र बसतात, दंगली टळतात, देश चालतो. मोठा, शेकडो भाषांचा, हजारो बेटांचा देश एकसंध राहिला हे थोडं आहे का? थोडं नाही, हे मान्य. पण किंमत बघू.

सप्टेंबर २०१९ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे अधिकार कापणारा कायदा घाईघाईनं मंजूर झाला. विद्यार्थी रस्त्यावर आले. ऑक्टोबर २०२० मध्ये रोजगारनिर्मितीच्या नावाचा प्रचंड कायदा आला, कामगारांचे हक्क आणि पर्यावरणाचे नियम एकदम बदलणारा. विरोध फक्त डेमोक्रॅट आणि पीकेएसचा. जानेवारी २०२२ मध्ये नवी राजधानी बांधायचा कायदा, विरोधात एकटा पीकेएस. मार्च २०२५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना अधिक नागरी पदं खुली करणारी दुरुस्ती, आठही पक्षांची संमती. बघा, दोन, मग एक, मग शून्य. याला सहमती म्हणायचं की अळीमिळी गुपचिळी?

आणि संसदेत विरोध नसला म्हणून देशात नसतो का? तो रस्त्यावर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये खासदारांना दरमहा पाच कोटी रुपिया घरभत्ता मिळतो हे कळलं आणि लोक भडकले. २८ ऑगस्टला जाकार्तात पोलिसांच्या चिलखती गाडीखाली मोटारसायकलवर भाडं मारणारा एक तरुण चिरडला गेला. मग शहराशहरांत आग लागली. शेवटी भत्ता मागे घेतला. ज्या प्रश्नावर एखाद्या विरोधी खासदारानं सभागृहात पहिल्याच दिवशी आवाज उठवायला हवा होता, त्यासाठी माणसाचा जीव जावा लागला. स्थैर्य, स्थैर्य म्हणतात ते कोणाचं? वर बसणाऱ्यांचं. आत सगळे गप्प असले की बाहेरच्याला ओरडावंच लागतं.

जाकार्ताचा धडा

मग मतदार हताश झालाय का? इथे माझ्या निराशेला एक ठिगळ आहे, आणि ते मला मोलाचं वाटतं.

नोव्हेंबर २०२४ च्या स्थानिक निवडणुकांआधी हीच फुगलेली आघाडी प्रांताप्रांतांत उभी करायचा बेत होता. जाकार्तात जवळजवळ सगळे पक्ष रिदवान कमिल यांच्यामागे गेले. पीडीआय-पीकडे एकट्यानं उमेदवार देण्याइतक्या जागा नव्हत्या. २० ऑगस्टला घटना न्यायालयानं उमेदवारीची अट बरीच खाली आणली. दुसऱ्याच दिवशी संसदेनं तो निकाल कायद्यानं उलटवायची तयारी चालवली. २२ ऑगस्टला लोक संसदेच्या दारात आले, गणसंख्या भरली नाही, बेत सोडावा लागला. पीडीआय-पीनं प्रामोनो अनुंग यांना उभं केलं. डझनभर पक्षांविरुद्ध जवळजवळ एकटा पक्ष. प्रामोनो पहिल्याच फेरीत ५०.०७ टक्क्यांनी निवडून आले.

दुसरीकडे ३७ ठिकाणी एकच उमेदवार होता. तिथे मतपत्रिकेवर त्याच्यासमोर रिकामा चौकोन असतो, ‘कोताक कोसोंग’. पांकालपिनांग शहरात आणि बांका जिल्ह्यात लोकांनी त्या रिकाम्या चौकोनाला जिंकून दिलं! मकासारमध्ये २०१८ मध्येही हेच झालं होतं. ज्यांच्याकडे विरोधी पक्ष नव्हता त्यांनी रिकाम्या जागेलाच विरोधी पक्ष केलं. सहमती ही जनतेची संस्कृती आहे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला सुचत नाही.

२ जानेवारी २०२५ ला घटना न्यायालयानं अध्यक्षपदाच्या उमेदवारीची २० टक्क्यांची अटही रद्द केली. दावा आणला होता योग्याकार्ताच्या चार विद्यार्थ्यांनी. चांगली गोष्ट. पण त्यानं सगळं सुटेल असं मानू नका. अट गेली म्हणजे निवडणुकीआधीची जुळवाजुळव सैल होईल. निवडणुकीनंतरची वाटणी तशीच राहील, कारण तिची मुळं पैशात आणि भीतीत आहेत. पक्षांना उजेडात मिळणारा पैसा वाढला, पक्षाची मान्यता सरकारच्या हातातून काढली, विरोधी बाकावरच्या नेत्याला अधिकृत स्थान दिलं, तर काही हलेल.

शेवटी एकच. आपण निवडणुकीचा निकाल लागला की विचारतो, जिंकलं कोण? इंडोनेशियाकडे बघून मला वाटतं, दुसरा प्रश्नही तितकाच मोठा आहे. हरलेला पक्ष जातो कुठे? तो समोरच्या बाकावर जाऊन बसला, तर मत देणाऱ्या हरलेल्या माणसाला पाच वर्षं कुणीतरी वाली असतो. तो शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला, तर त्या माणसाचं मत कुणी चोरलेलं नसतं, मोजलेलं असतं, नोंदलेलं असतं. फक्त त्याचा मालक बदललेला असतो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.